उणे अठ्ठेचाळीस

जन्मभर सरकारी कचेरीच्या बारनिशीत आवक-जावक नोंदविण्यात घालविलेल्या माणसाने निवृत्तीनंतर वाटेल ते पुस्तक वाचावे, परंतु ज्याच्या दुसऱ्याच पानावर, अगदी मध्यभागी, 'हे पृष्ठ हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे' अशा अर्थाची इंग्रजी ग्वाही छापलेली असते ते पुस्तक त्याने हाती धरू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. कारण ते वाक्य छापल्याबरोबर ते पृष्ठ कोरे राहत नाही. कोरे नसलेल्या पृष्ठाला कोरे म्हणणे ही खोटी नोंद होते. आणि खोट्या नोंदीवर मी चौतीस वर्षांच्या चाकरीत, दोन-चार अपरिहार्य प्रसंग सोडले तर, सही केलेली नाही. नऊशेहून अधिक पृष्ठांच्या त्या ग्रंथात अशी कोरी नसलेली कोरी पृष्ठे एकंदर एकतीस आहेत. ती मी मोजली, यावरून उरलेल्या पृष्ठांशी माझी काय झटापट झाली असेल, याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

ग्रंथ राऊटर नामक यंत्राचा होता. ज्या वस्तूच्या माहितीपुस्तकाला नऊशे पृष्ठे लागतात ती वस्तू यवतमाळातल्या आमच्या लहानशा वाचनालयात कशी आली, ही हकीकत मात्र फार लांबलचक नाही.

आमच्या वाचनालयाला जोडून एक अभ्यासिका आहे. दारव्हा, घाटंजी, आर्णी अशा ठिकाणांहून येऊन गावात खोली करून राहिलेली तीस-पस्तीस मुलेमुली तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्यासाठी इंटरनेटची सोय म्हणून भिंतीवरील जिल्ह्याच्या नकाशाशेजारी, बरोबर वणीच्या उजव्या अंगाला, एका खिळ्यावर दोन शिंगांची एक पांढरी डबी टांगलेली असे. तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाशी तिचे साम्य इतके विलक्षण होते की मुलांनी तिचे नाव 'नंदी' ठेवले आणि ते समितीच्या पत्रव्यवहारातही रूढ झाले. हा नंदी सकाळी बरा चाले, दुपारी चारच्या सुमारास मात्र ऐन शिवारात जू टाकून बसलेल्या बैलाप्रमाणे बसे, आणि मग "काका, नंदी बसला!" असा पुकारा होऊन शिपायाला स्टुलावर चढून त्याची शेपटी, म्हणजे विजेची वायर, उपटून पुन्हा खोचावी लागे.

या रोजच्या कटकटीला कंटाळून मी पुण्याला हिंजवडीत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याला फोन केला आणि एक चांगला राऊटर पाहून ठेव, एवढेच म्हणालो. चूक झाली ती येथे. 'चांगला' या शब्दाचे माप माणसागणिक बदलते, हे मला उमगायला हवे होते.

"मामा, आमच्याकडे एक पडूनच आहे. जुना आहे, पण दणकट. कंपनी भंगारात काढतेय."

'भंगार' हा शब्द मी समितीपुढे 'सेवेतून सन्मानाने मुक्त केलेला' असा ठेवला. मी स्वतःही त्याच वर्गात मोडत असल्यामुळे या भाषांतरात मला काही वावगे वाटले नाही.

दहा दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून ते प्रकरण वाचनालयाच्या दारात उतरले, तेव्हा चार हमाल लागले. पुढच्या हमालाने कंबर सरळ करीत विचारले, "काकाजी, गाठ हाय का कापसाची?" आमच्या जिल्ह्यात वजनाचा शेवटचा मापदंड गाठ हाच असल्यामुळे प्रश्न गैरवाजवी नव्हता. उंची टेबलाएवढी, रुंदी हातभर, समोर जाळी, पाठीमागे पंखे आणि मध्ये पोस्टाच्या पेट्यांप्रमाणे शेकडो छिद्रे, असा तो एकंदर ऐवज पाहून शेजारच्या पानठेलेवाल्याने वाचनालयाने तिजोरी घेतल्याची वार्ता सायंकाळपर्यंत गावभर केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गणी मागायला गेलेल्या वसुलीदाराला तीन घरांतून, "तुमच्याकडे आता काय कमी आहे?" असे उत्तर मिळाले.

आता या यंत्राची नोंद जडवस्तुसंग्रहात करायची तर त्याला मराठी नाव हवे होते. आमचे चिटणीस जुने मराठीचे शिक्षक. ज्या गावात १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, त्या गावच्या वाचनालयाच्या इतिवृत्तात 'राऊटर' हा शब्द जाणे त्यांना बिलकूल मंजूर नव्हते. त्यांनी 'पथनिर्णायक' अशी संज्ञा सुचविली. त्यावर खजिनदारांनी हरकत घेतली.

"निर्णय जर हा देणार, तर समिती कशासाठी आहे?"

पाऊण तासाच्या चर्चेनंतर 'पथसूचक' हे नाव कायम होऊन, सूचनेवरील अंतिम निर्णयाचा अधिकार समितीकडे राखून ठेवण्यात आला.

पुढच्या सभेत मी यंत्राच्या सामर्थ्याचे वाचन केले. भाच्याने सांगितलेली एक गोष्ट प्रास्ताविकादाखल जोडली: मार्च २०१० मध्ये सिस्को या अमेरिकन कंपनीने आपला एक महाकाय राऊटर जाहीर केला, तेव्हा सेकंदाला ३२२ टेराबिट एवढी त्याची कमाल वाहतूक सांगितली होती, आणि टेराबिट म्हणजे काय हे लोकांना कळावे म्हणून असे दृष्टांत दिले होते की, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला सारा छापील संग्रह सेकंदाहून किंचित अधिक वेळात उतरवून घेता येईल, चीनमधल्या प्रत्येक माणसाला एकाच वेळी चित्रफोन लावता येईल, आणि आजवर निघालेले सगळे चित्रपट चार मिनिटांच्या आत पाठविता येतील. आमचे यंत्र त्या घराण्यातले फार दूरचे आणि फार गरीब नातेवाईक असले तरी रक्त तेच आहे, असे मी म्हणालो. सभेत क्षणभर स्तब्धता पसरली. मग ग्रंथपाल हळूच म्हणाले,

"एका सेकंदात सगळी पुस्तके बाहेर गेली, हे ठीक. परत केव्हा येणार?"

या प्रश्नाला नऊशे पृष्ठांत उत्तर नाही. मी शोधले आहे.

भाच्याचा उपदेश एकच: "मामा, मॅन्युअल वाचा." म्हणून त्याने पाठविलेली ती पुस्तिका मी दत्त चौकातून छापून, तीन भागांत बांधून घेतली आणि पुराण लावावे तशी रोज सकाळी लावली. धोक्याच्या सूचना डच, फिनिश, नॉर्वेजियन अशा अनेक भाषांत छापलेल्या होत्या. मराठीत नव्हत्या, तेव्हा मराठी माणसाला धोका नाही, असा त्याचा कायदेशीर अर्थ निघतो, हे मत खजिनदारांचे. मी त्याच्याशी सहमत नव्हतो. पण ते वकिलांचे चिरंजीव आहेत.

सातव्या प्रकरणात आम्ही अडकलो. यंत्रास उणे अठ्ठेचाळीस व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवावा, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. आयुष्यात मी पगारात उणे पाहिले, तापमानात उणे ऐकले, पण विजेत उणे ही कल्पना माझ्या बुद्धीला झेपेना. वायरमनला पाचारण केले. त्याने पुस्तिकेवर बोट ठेवून ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, टेस्टर खिशात परत ठेवला आणि अत्यंत शांतपणे सांगितले,

"काकाजी, आपल्याकडं लाईन येते, नाहीतं जाते. वजा लाईन म्या तं अजून पाह्यली नाई."

खजिनदारांचा चेहरा मात्र उजळला. "उणी वीज असेल, तर तेवढी रक्कम बिलातून वजा होईल का?"

यात गंमत अशी की ती उणे वीज काल्पनिक नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजे फार पूर्वीपासून त्याच विजेवर चालत आलेली आहेत; बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडले म्हणजे ओल्या मातीतल्या तांब्याच्या तारा लवकर झिजत नाहीत, असा जुन्या तारायंत्र्यांचा तो शहाणपणा. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडल्या की अठ्ठेचाळीस होतात, एवढे गणित आम्हाला जमले. खजिनदारांच्या कळंबच्या मेहुण्याकडून ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या आणविण्यात आल्या. दिवस पेरणीपूर्व मशागतीचे. बॅटऱ्या वाचनालयात आणि ट्रॅक्टर शेतात, अशी दोन्हीकडची सामग्री आठ दिवस निश्चल राहिली, आणि नवव्या दिवशी मेहुण्याने बहिणीला फोन करून जे सांगितले ते खजिनदारांनी समितीला सांगितले नाही. मात्र त्यांनी महिनाभर सासुरवाडीचा रस्ता टाळला. अखेर मी भाच्याला विचारले. तो म्हणाला,

"मामा, तुमच्याकडचा साध्या घरगुती एसी विजेवर चालतो. सातवे प्रकरण दुसऱ्या मॉडेलचे आहे. सहावे वाचा."

सहावे मी वगळले होते. त्याच्या प्रारंभी एक कोरे पृष्ठ होते आणि त्याचा मला राग आला होता.

तथापि या वाचनात मला अनपेक्षित आनंद मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुस्तिकेत जागोजागी हवाला दिलेली जुनी नियमपत्रे भाच्याने पाठविली, आणि ती वाचताना परदेशात आपले कोणी सख्खे सापडावे तसे मला झाले. राऊटरने कसे वागावे यासंबंधी १९९५ सालचे एक नियमपत्रच १७५ पृष्ठांचे आहे! १९९७ सालच्या दुसऱ्या एका पत्रात तर केवळ 'केलेच पाहिजे', 'करणे इष्ट' आणि 'केल्यास हरकत नाही' या शब्दप्रयोगांचा नेमका अर्थ काय समजावा, याचाच खल आहे. ज्या कारकुनाने 'योग्य ती कार्यवाही करावी' आणि 'उचित कार्यवाही व्हावी' यांतील भेदावर आपली उमेदीची वर्षे वेचली, त्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही तर काय!

आणि यंत्राचे काम तरी काय? आलेल्या लखोट्याचा पत्ता तेवढा वाचायचा, आत काय आहे ते पाहायचे नाही, आपल्या वहीत पुढचे टेबल कोणते ते काढायचे, आणि ढकलून द्यायचे. म्हणजे शुद्ध बारनिशी! चौतीस वर्षे मी हेच केले. फरक इतकाच की यंत्र हे काम सेकंदात कोट्यवधी वेळा करते आणि मध्ये चहा घेत नाही. आणखी एक फरक आहे, तो मात्र मनाला लागला. प्रत्येक लखोट्याला जन्मतःच आयुष्याचा एक आकडा दिलेला असतो, बहुधा ६४, फार तर २५५. आणि ज्या ज्या टेबलावरून तो जाईल तेथे त्यातून एक वजा होतो. आकडा शून्य झाला की लखोटा तेथेच रद्द, आणि पाठविणाऱ्यास तशी समज. भटकत राहण्याची सोयच नाही. माझ्या टेबलावर एका मोरीच्या दुरुस्तीचा कागद सात वेळा आला आणि सात वेळा गेला. आठव्यांदा आला तेव्हा मोरी राहिली नव्हती. त्या कागदाला असा आकडा असता तर? मी त्या दिवशी जेवलो नाही. घरी याचे कारण पित्त सांगितले.

चिटणीसांना या पत्रांतले एक विशेष भावले. १ एप्रिल १९९० रोजी निघालेल्या त्या पत्रात कबुतरांच्या पायाला संदेश बांधून इंटरनेट कसे चालवावे याचे यथासांग नियम आहेत. तारखेकडे चिटणीसांचे लक्ष गेले नाही. नॉर्वेतल्या बर्गेन येथे २००१ साली काही हौशी मंडळींनी हा प्रयोग खरोखर केला, नऊ संदेश सोडले आणि चारांची उत्तरे परत आली, हे मी सांगताच त्यांचा उत्साह दुणावला. छपरावर कबुतरे आहेतच, आणि नंदी बसल्यास ती पर्यायी व्यवस्था म्हणून ठेवावीत, असा ठराव त्यांनी मांडला. ग्रंथपालांनी अनुमोदन दिले. नवांतून चार परत येणे हे प्रमाण आमच्या कादंबरी विभागापेक्षा बरे असल्याचे त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले.

एवढे होऊनही यंत्र चालू झाले नव्हते. दोष कोणाचाच नव्हता; पुस्तिकेचाच होता. पुस्तिकेप्रमाणे यंत्राभोवतीचे तापमान चाळीस अंशांपुढे जाता कामा नये. आणि आमच्या यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो, तेव्हा चाळीस अंश ही आमच्याकडे सावलीतली थंड हवा होय. मी तत्काळ टिपणी घातली: उन्हाळा संपेपर्यंत प्रतीक्षा करावी. उन्हाळा संपला तो पुढचे कलम समोर आले: विजा चमकत असताना यंत्रावर काम करू नये. मग पावसाळा संपेपर्यंत प्रतीक्षा. कोणतेही काम न करण्यास इतकी निर्दोष, छापील आणि परदेशी कारणे मला सबंध नोकरीत मिळाली नव्हती. सभांवर सभा होत गेल्या. नंदी रोज चारला बसत गेला.

शेवटी खंडेनवमीचा मुहूर्त ठरला. यंत्राला हळदकुंकू वाहिले, समोरच्या जाळीवर झेंडूची माळ चढविली, अक्षता टाकल्या आणि खजिनदारांच्या हस्ते बटण दाबले. पुढे जे झाले ते पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात आगाऊ लिहिलेले आहे: हवा समोरून आत ओढली जाते आणि मागून बाहेर फेकली जाते. एक दीर्घ घरघर झाली, जिनिंगमधले सगळे चरक एकदम सुरू व्हावेत असा आवाज उठला, आणि माळेतली फुले एकामागून एक जाळीत दिसेनाशी झाली.

शिपायाने कानांवरून हात नेऊन जमिनीला लावले. "देवानं प्रसाद घेतला जी!"

पाठीमागच्या बाजूने, तेथे उभ्या असलेल्या चिटणीसांच्या अंगावर, पाकळ्यांचा वर्षाव झाला. त्यानंतर एमसीबी पडला आणि सारे वाचनालय काळोखात गेले. पुढे वेगळी वायर ओढली, सोळा अँपिअरचा बोर्ड बसविला आणि यंत्र स्थिर झाले. आवाज मात्र राहिलाच. 'शांतता राखा' ही पाटी त्याच्या बरोबर वर होती. ती काढावी की यंत्र हलवावे यावर एकमत न झाल्यामुळे दोन्ही जागच्या जागी आहेत. मुले कानांत कापूस घालून बसू लागली. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात त्याचा हाही एक उपयोग निघाला.

मग भाच्याने फोनवरून यंत्राला शिकवायला घेतले. लॅपटॉपवर मी बसलो होतो; तो सांगेल ती अक्षरे टिपत होतो.

"मामा, तुमच्या वाचनालयातून बाहेर जाणाऱ्या लाईन किती?"

"एक."

"एकच?"

"एकच. खांबावरून येते ती."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मग रूटही एकच. जे येईल ते तिकडे ढकल, एवढेच त्याला सांगायचे."

जगातल्या सगळ्या वाटांची वही आज दहा लाख नोंदींच्या आसपास गेलेली आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी तिने पाच लाख बारा हजारांचा टप्पा ओलांडला तेव्हा ज्यांच्या कपाटात तेवढेच कप्पे होते अशा कितीतरी जुन्या यंत्रांनी ठिकठिकाणी हात टेकले होते. अशा लाखो वाटा तोंडपाठ ठेवण्यासाठी घडविलेल्या या महापंडिताच्या वहीत आम्ही एकुलती एक ओळ लिहिली. निवृत्त कलेक्टरला आणून एका दाराच्या दरवानाच्या जागी बसवावे, तसा तो प्रकार झाला. त्यातून ती एक वाटही अरुंद. एके काळी मूर्तिजापुराहून यवतमाळला येणारी आमची शकुंतला आगगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही: मुंबई-नागपूरच्या साडेपाच फुटी रुळांवर कसलेही इंजिन धावो, मूर्तिजापुरास गाडी बदलून अडीच फुटी रुळांवर आले, की डौल तिचाच आणि वेगही तिचाच असे.

मुलांचे मोबाईल मात्र जोडले जाईनात. अर्धा तास खटपट केल्यावर मी विचारले, "अरे, याची शिंगे कुठे आहेत?"

"कसली शिंगे?"

"नंदीला असतात ती."

"मामा, या राऊटरला वायफाय नसते. एवढ्या मोठ्याला कोण लावतो? तुमची जुनी डबी आहे ना, ती याला जोडा."

तेव्हा नंदी पुन्हा वणीशेजारच्या खिळ्यावर चढला. एक निळी वायर त्याच्यातून निघून महापंडिताच्या एका छिद्रात गेली. उरलेली शेकडो छिद्रे मोकळी राहिली, त्यांत हल्ली शिपाई सुतळीचे तुकडे आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पेन्सिली खोचून ठेवतो. दुपारी चार वाजता नंदी बसतो. त्याची शेपटी उपटून पुन्हा खोचली की उठतो. महापंडित त्या वेळीही तितक्याच आवेशाने घरघरत असतो.

पहिले वीजबिल आले तेव्हा खजिनदारांनी ते सभेत वाचून दाखविले नाही, नुसते फिरविले. त्यात काहीही उणे नव्हते. यंत्र बंद करून विकून टाकावे असा ठराव डिसेंबरच्या सभेपुढे आला आणि तो एकमताने संमत होण्याच्या बेतात होता. परंतु त्या दिवसांत सकाळी कडाक्याची थंडी पडत होती, आणि वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींनी आपले बाक, कोणाची परवानगी न घेता, हळूहळू सरकवीत यंत्राच्या पाठीमागे नेले होते, जेथून आठही प्रहर उबदार वारा वाहत असतो. कानटोप्या असल्यामुळे आवाजाचा त्यांना उपसर्ग नव्हता. सभा चालू असतानाच त्यांचा अर्ज आला. 'पथसूचक यंत्र वाचकांच्या अत्यंत उपयोगाचे असून ते कदापि हलवू नये,' असा मजकूर. खाली बावीस सह्या, त्यांत पहिली चिटणीसांच्या वडीलबंधूंची.

मी अर्ज आवक वहीत घेतला, क्रमांक घातला, आणि कोपऱ्यात लाल शाईने शेरा मारला: 'उन्हाळ्यात विचार करावा.'